न दिसणारा थर

परीक्षेंत मार्क किती पडले हें विचारण्याची चाल आपल्या घरोघरीं आहे. मुलानें हातानें काय घडविलें, आणि घडविलेलें किती दिवस नीट राखलें, हें विचारण्याची चाल मात्र क्वचितच आढळते. ही उणीव लहान नाहीं असें आमचें मत आहे. तें मांडण्यासाठीं आम्ही जें उदाहरण निवडलें आहे, तें ऐकून पुष्कळ पालक प्रथम हांसतील. तें उदाहरण म्हणजे घरीं बांधलेलें विमान.

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत हौशी माणसानें आपल्या मोटारीच्या पडवींत स्वतःसाठीं लहान विमान बांधणें ही कायद्यानें मान्य झालेली गोष्ट आहे. १९५३ सालीं विस्कॉन्सिन संस्थानांत पॉल पोबेरेझ्नी या गृहस्थांनीं अशा लोकांसाठीं ‘एक्स्पेरिमेंटल एअरक्राफ्ट असोसिएशन’ ही संस्था काढली. तिचा मेळा ऑशकॉश या गांवीं दर उन्हाळ्यांत भरतो आणि तेथें घरीं बांधलेलीं विमानें शेंकड्यांनीं उतरतात. या कामीं तेथील कायद्याची अट मननीय आहे. विमानाचा अर्ध्याहून अधिक भाग हौशी माणसांनीं स्वतः बांधलेला असावा, आणि तो केवळ आपल्या शिक्षणासाठीं अथवा मनोरंजनासाठीं बांधलेला असावा. कायद्यानें शिक्षण हा शब्द आधीं घातला आहे व मनोरंजन हा मागून, याकडे आम्ही वाचकांचें लक्ष वेधतों.

फार दिवस अशीं विमानें लांकूड, कापड व धातूच्या नळ्या यांचीं होत असत. १९७५ सालीं कॅलिफोर्नियांतील बर्ट रुटान या अभियंत्याचें ‘व्हॅरीईझी’ हें विमान प्रथम उडालें. १९७९ सालीं त्याचेंच थोरलें भावंड ‘लाँग-ईझी’ उडालें. या विमानांच्या नकाशांनीं देशोदेशींच्या हौशी कारागिरांस फायबरग्लासची एक नवी रीत शिकविली. फायबरग्लासची होडी करावयाची तर बहुधा आधीं तिचा महागडा सांचा करावा लागतो. या रीतींत तसा सांचा लागत नाहीं. थर्मोकोलाच्या जातीच्या फोमचा ठोकळा घ्यावयाचा, त्याच्या दोन्ही टोकांस पंखाच्या आकाराचे फर्मे बसवावयाचे, आणि विजेनें तापलेली तार दोघांनीं दोन्ही बाजूंस धरून त्या फर्म्यांवरून ओढावयाची. फर्म्यांवर अंक लिहिलेले असतात. तार ज्या अंकावर पोंचेल तो अंक मोठ्यानें उच्चारावयाचा, म्हणजे जोडीदाराची तारहि त्याच अंकावर राहते. एक पुढें धांवला व दुसरा मागें रेंगाळला तर पंख वांकडा कापला जातो. मग त्या फोमवर कांचेच्या तंतूंचें कापड अंथरून त्यांत इपॉक्सी नांवाची राळ मुरवावयाची. कापडावर कापड, थरावर थर चढत जातो, आणि प्रत्येक थराच्या तंतूंची दिशा नकाशांत सांगितल्याप्रमाणें ठेवावी लागते. राळ घट्ट झाली म्हणजे पंख तयार होतो. आंतला फोम हे थर जागच्या जागीं धरून ठेवतो. हवेंतला मुख्य भार सोसतात ते कांचेचे थर.

ही कृति ऐकावयास सोपी आहे. तिची खरी कसोटी बारकाव्यांत आहे. राळ दोन द्रवांची होते आणि त्यांचें प्रमाण काट्यावर तोलून घ्यावें लागतें. अंदाजानें ओतल्यास ती पुरती कठीण होत नाहीं. राळ अधिक झाली तर वजन वाढतें, बळ वाढत नाहीं. ती कमी पडली तर कापड कोरडें राहतें. थरांत हवेचा फुगा अडकला तर पुढें तेथेंच थर सुटण्याची भीति असते. काम करणाऱ्यानें हातमोजे घातले नाहींत तर राळेनें कातडीस विकार जडतो. तोंडास पट्टी बांधली नाहीं तर घासतांना उडणारी कांचेची धूळ श्वासावाटे आंत जाते. उतावळेपणाची किंमत येथें पदोपदीं मोजावी लागते.

परंतु आमच्या दृष्टीनें महत्त्वाची गोष्ट याहून पुढची आहे. थरांतील हे दोष उघड्या कांचेवर दिसतात. एकदां वरून लांबी भरली, पॉलिशकागदानें घासलें आणि रंग दिला, कीं आळशाचा पंख व कष्टाळूचा पंख अगदीं सारखे दिसूं लागतात. रंग पांढराच द्यावयाचा असतो, कारण गडद रंग उन्हांत तापतो आणि तापल्यानें राळ मऊ पडते. जमिनीवर उभें असतांना दोन्ही विमानें सारखींच लखलखतात, आणि पाहणारे दोघांचींहि तोंड भरून स्तुति करतात. आकाशांत मात्र भार रंगावर येत नाहीं. तो झांकलेल्या थरावर येतो. म्हणून बिघडलेला थर दिसतांक्षणीं घासून काढणें व पुन्हां पहिल्यापासून लावणें, कोणी पाहत नसतांहि तसें करणें, हा या कामांतील मुख्य धडा आहे. असा धडा आपल्या शाळांतून कितीसा शिकविला जातो? आदल्या रात्रीं घोकलेलें उत्तर म्हणजे लांबी व रंग. परीक्षक तेवढेंच पाहतो आणि मार्क देतो. आंतला थर कोरडा राहिला हें त्या मुलास ठाऊक असतें. पण तें सांगण्याची त्यास गरज पडत नाहीं, व आपणहि विचारीत नाहीं.

कोणी म्हणेल कीं, घरच्या विमानाचें बरेंवाईट बांधणाराच भोगील. इतरांस त्याची काळजी कशाला? याचें उत्तर एका दुःखद घटनेंत आहे. १२ ऑक्टोबर १९९७ रोजीं कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यालगत मॉन्टेरेच्या उपसागरांत एक लाँग-ईझी कोसळलें आणि प्रख्यात गायक जॉन डेन्व्हर हे मृत्यु पावले. ते अनुभवी वैमानिक होते. परंतु विमान त्यांनीं बांधलेलें नव्हतें, नुकतेंच विकत घेतलेलें होतें. पेट्रोल एका टांकीवरून दुसरीवर वळविण्याची चावी मूळ नकाशांत वैमानिकाच्या दोन पायांमध्यें, सहज हात पोंचेल अशी दाखविली आहे. या विमानाच्या बांधणाऱ्यानें ती वैमानिकाच्या डाव्या खांद्यामागें बसविली होती. तीवर खुणा नव्हत्या; पेट्रोलाची पातळी दाखविणाऱ्या नळ्यांवरहि नव्हत्या. चावीकडे वळतांना लक्ष विचलित होऊन उजव्या सुकाणूवर नकळत पाय दाबला गेला असावा, असा निष्कर्ष सरकारी चौकशीमंडळानें काढला. उड्डाणापूर्वीं पेट्रोल भरून घेतलें नव्हतें आणि नव्या विमानाची पुरेशी संवय झालेली नव्हती, हेंहि त्या मंडळानें नमूद केलें. दोष कोणा एकाचा नव्हता. पण यांतून एक गोष्ट स्पष्ट होते. बांधणाऱ्यास जें तोंडपाठ असतें, तें त्याच्या मागून येणाऱ्यासाठीं लिहून ठेवावें लागतें. ब्रशाच्या चार फटकाऱ्यांनीं होणारी खूण ‘मला तर ठाऊक आहे’ म्हणून राहून जाते, आणि तिची किंमत पुढें भलताच कोणी देतो.

बांधून झालें म्हणजे काम संपलें असेंहि नाहीं. तेथें अशा विमानाची दर बारा महिन्यांनीं कसून तपासणी व्हावी लागते. पेट्रोलाच्या नळ्या, बोल्ट, सुकाणूंच्या बिजागऱ्या, एंजिन हें सर्व उघडून पाहावयाचें. पंखावर नाण्यानें टकटक करीत जावयाचें आणि जेथें खणखणीत आवाजाऐवजीं बद्द आवाज येईल तेथें थर सुटला आहे कीं काय हें शोधावयाचें. ज्यानें विमान बांधलें त्यास, आणि त्याच विमानापुरतें, ही तपासणी स्वतः करण्याचा दाखला मिळूं शकतो; विमान विकलें तर तो दाखला घेणाऱ्याकडे जात नाहीं. ज्ञान हातांत असतें, वस्तूबरोबर तें विकतां येत नाहीं, हें कायद्यानेंहि ओळखलें आहे. शिवाय, हें विमान हौशी माणसानें बांधलेलें आहे आणि नेहमींच्या विमानांचे सुरक्षिततेचे नियम तें पाळीत नाहीं, अशी पाटी उतारूस दिसेल अशी लावावी लागते. आपल्या कामाची मर्यादा स्वतःच्या दारावर लिहून ठेवण्याचें हें धैर्य आम्हांस स्पृहणीय वाटतें.

हा केवळ श्रीमंत देशांचा खेळ आहे, असें म्हणून कोणी हें उदाहरण बाजूस सारूं नये. याच जातीच्या बांधणीतून रुटान यांनीं ‘व्हॉयेजर’ विमान निर्माण केलें, आणि डिक रुटान व जीना यीगर यांनीं १४ ते २३ डिसेंबर १९८६ या काळांत वाटेंत कोठेंहि न उतरतां व पेट्रोल न भरतां त्यांतून पृथ्वीप्रदक्षिणा केली. आपल्या देशांतहि बंगळूर येथील ‘एन. ए. एल.’ या सरकारी प्रयोगशाळेनें लाँग-ईझीच्या धर्तीवर एक विमान बांधून १९८७ सालीं उडविलें. पुढें तेथेंच फायबरग्लासचें ‘हंसा’ हें दोन आसनांचें विमान तयार झालें. आणि मुंबईंतील वैमानिक अमोल यादव यांनीं कांदिवलीस चारकोप येथें राहत्या इमारतीच्या गच्चीवर सहा आसनांचें विमान बांधलें, तें १९१६ नव्हे, तर आपल्या डोळ्यांदेखत, २०१६ सालीं मुंबईच्या प्रदर्शनांत लोकांनीं पाहिलें. तें धातूचें होतें, फायबरग्लासचें नव्हे. परंतु बांधणीइतकाच चिकाटीचा प्रवास त्यास कागदोपत्रीं करावा लागला. नोंदणी २०१७ सालीं झाली, आणि उड्डाणाची परवानगी २०१९ सालीं मिळाली.

आमच्या विद्यार्थ्यांनीं उद्यां विमान बांधावयास घ्यावें, असें आमचें म्हणणें नाहीं. तें जोखमीचें काम आहे आणि त्यास वय, पैसा, मार्गदर्शन व सरकारी परवाना हीं सर्व लागतात. आमची सूचना साधी आहे. प्रत्येक विद्यार्थ्यानें वर्षांतून एक तरी उपयोगी वस्तु आरंभापासून शेवटपर्यंत स्वतः करावी. मग तें स्टूल असो, घरांतील दिव्याचा स्टँड असो, वा शिवलेला सदरा असो. तिची एक वही ठेवावी आणि तींत काय बिघडलें, काय उसवून पुन्हां केलें, हें प्रामाणिकपणें लिहावें. प्रदर्शनाच्या दिवशीं तिला मार्क देऊं नयेत. एक वर्ष ती वस्तु वापरून, दुरुस्त करून, शाळेंत पुन्हां आणावी. आणि तेव्हां वस्तु व वही दोन्ही पाहून मार्क द्यावेत. ज्या वहींत एकहि चूक लिहिलेली नसेल, ती परीक्षकानें अधिक बारकाईनें पाहावी.

पालकांस आमची विनंति आहे कीं, मुलानें बिघडलेलें काम स्वतः मोडून पुन्हां आरंभिलें, तर ‘वेळ फुकट गेला’ असें त्यास म्हणूं नये. त्या दिवशीं घरांत जें घडलें तें प्रगतिपुस्तकांत उतरणार नाहीं. परंतु पुढें त्याच्या हातून पूल बांधले जातील, औषधें दिलीं जातील, हिशेब लिहिले जातील, आणि त्यांवर विसंबणारीं माणसें आंतला थर पाहूं शकणार नाहींत. त्यांनीं निर्धास्त असावें, एवढ्यासाठीं ही संवय आज लावावयाची आहे.