मारायच्या की टोचायच्या?

बर्ड फ्लूवर लस नको, कोंबड्या मारणे हाच उपाय, असे आपले सरकारी धोरण आहे. फेब्रुवारी २००६मध्ये देशातला पहिला उद्रेक नाशिक विभागातल्या नवापुरात झाला. तेव्हा परिसरातल्या कोंबड्या मारून पुरल्या. २०२१मध्ये त्याच नवापुरात पुन्हा खड्डे खणले. उपाय रामबाण होता, तर रोग परत आला कसा?

लसविरोधकांचा मुख्य आक्षेप मात्र खरा आहे. लस टोचलेली कोंबडी मरत नाही, पण विषाणू बाहेर टाकू शकते; मर दिसली नाही की साथ कळत नाही. इजिप्तने २००६पासून लसी टोचल्या, तरी विषाणू तिथेच मुक्कामाला राहिला. पण तिथे परसातल्या कोंबड्यांपर्यंत लस धड पोचली नाही, आणि विषाणू बदलत गेला तरी लस जुनीच राहिली. याउलट चीनने सप्टेंबर २०१७मध्ये विषाणूच्या एच५ व एच७ या प्रकारांवरची एकत्रित लस आणली. त्याआधीच्या हंगामात एच७एन९ने साडेसातशेहून अधिक माणसे आजारी पडली होती. पुढच्या हंगामात जेमतेम तीन. फ्रान्सने ऑक्टोबर २०२३पासून बदकांना लस दिली, सोबत कळपांची तपासणी सक्तीची केली. तिथले उद्रेक शेकड्यांवरून दहाच्या आसपास आले.

लस दिली तर निर्यात बुडेल, असेही विरोधक म्हणतात. नाशिकचा ब्रॉयलर मुंबईच्या ताटात जातो, परदेशात नव्हे! खर्चाचा मुद्दा वजनदार आहे, कारण ही लस पाण्यातून पाजता येत नाही, प्रत्येक पक्ष्याला टोचावी लागते. चाळीसेक दिवसांत विकल्या जाणाऱ्या ब्रॉयलरला ती परवडणार नाही. वर्षाहून अधिक काळ अंडी देणाऱ्या कोंबडीला परवडेल. मानमोडी रोगाची लस आपले पोल्ट्रीवाले देतातच की.

नांदूरमध्यमेश्वरच्या अभयारण्यात उतरणारे, विषाणू वाहून आणू शकणारे स्थलांतरित पक्षी तर कोणी मारू शकत नाही. हा विषाणू कोंबड्यांपुरता उरलेलाही नाही: अमेरिकेत तो २०२४मध्ये दुभत्या गाईंत सापडला, त्याच वर्षअखेरीस नागपूरच्या गोरेवाड्यात त्याने तीन वाघ नि एक बिबट्या मारला. हरियाणातला अकरा वर्षांचा मुलगा २०२१मध्ये याच रोगाने गेला.

भोपाळच्या सरकारी पशुरोग प्रयोगशाळेने सौम्य एच९एन२वरची देशी लस बनवून २०२२मध्ये तिचे तंत्रज्ञान पुण्याच्या वेंकटेश्वरा हॅचरीजसह चार कंपन्यांना दिले. म्हणजे कौशल्य आहे, अडते ते परवानगीवर. केंद्राच्या पशुसंवर्धन खात्याने नवापुरातल्या अंड्यांच्या फार्मवर एच५च्या लसीची चाचणी सुरू करावी. प्रत्येक शेडमध्ये खूण केलेल्या काही कोंबड्या बिनलसीच्या ठेवाव्यात, म्हणजे लपलेला विषाणू त्यांच्यात आधी दिसेल.