वेष आणि वेषधारी

चित्रकथा, चित्रपट किंवा पुराणे यांतील एखाद्या पात्राचा वेष स्वहस्ते तयार करून तो धारण करावयाचा, हा छंद हल्लीच्या तरुण मुलामुलींत बराच वाढला आहे. त्यास ते ‘कॉसप्ले’ म्हणतात. हे नाव जपानात इ. स. १९८० नंतर रूढ झाले. परंतु १९३९ साली न्यूयॉर्क येथे भरलेल्या पहिल्या जागतिक विज्ञानकथा संमेलनास मर्टल डग्लस या बाई आपण तयार केलेला भविष्यकाळचा पोशाख घालून गेल्या होत्या. आपल्या देशात २०११ साली दिल्लीस ‘कॉमिक कॉन’ भरू लागले, तेव्हापासून या छंदास हक्काचे स्थान मिळाले. वडील मंडळी मात्र ‘ही कसली सोंगे!’ म्हणून नाके मुरडतात.

आम्हांस हे परकेपण मान्य नाही. कोकणातील दशावतारी नट आपली रंगभूषा आपल्याच हातांनी करीत आले आहेत; आणि भरतमुनींनी तर वेषास अभिनयाच्या चार प्रकारांत स्थान देऊन त्यास ‘आहार्य’ म्हटले व नेपथ्याचे पुस्त, अलंकार, अंगरचना व सजीव असे भेद सांगितले. ज्या विद्येस शास्त्र आहे, ती थिल्लर कशी म्हणावी?

आमच्या हुपरीत घरोघर चांदीकाम चालते. त्यामुळे येथील मुलास योद्ध्याचा वेष करावयाचा झाला की त्याची दृष्टी प्रथम आजीच्या कमरपट्ट्याकडे वळते. आजीने नकार द्यावा, पण तो कृपणतेने नव्हे. नाट्यातील अलंकार जड असल्यास नट थकून मूर्च्छा पावेल, म्हणून ते लाखेने भरलेले, हलके असावेत, असे भरतांनीच सांगून ठेवले आहे. चांदीच्या एका घनसेंटिमीटरचे वजन सुमारे साडेदहा ग्रॅम भरते. तिचे चिलखत चार घटका अंगावर वागविणे नवशिक्याचे काम नव्हे.

नवशिक्याने एकच पात्र निवडावे, आणि तेही मनापासून आवडणारे. आरंभी सगळा वेष न करता एखादे बाजूबंद किंवा मुकुट करावा. अंगाबरोबर बसणारे चिलखत हवे असल्यास जुन्या बंडीवर चिकटपट्ट्या गुंडाळून त्यांवर सांध्यांच्या रेषा आखाव्या व बंडी उतरवून त्या रेषांवर कापावे. कागदी बेत आपोआप हाती येतो. त्यावरून फोमचे पत्रे कापावे. ऊब दिल्यास फोम मऊ होतो व दिलेला बाक थंड झाल्यावर टिकतो. रंगापूर्वी पातळ केलेल्या फेविकॉलचे दोन-तीन हात द्यावे, म्हणजे रंग शोषला जात नाही. रुपेरी रंग वाळल्यावर खाचांत काळा रंग भरून वरचा पुसून घेतला, तर जुन्या चांदीची कळा येते; ती कशी असावी हे हुपरीच्या मुलास निराळे शिकवावयास नको. चिकटद्रव्य वापरताना खिडक्या उघड्या ठेवाव्या. वेष तयार झाल्यावर तो घालून घरात जिना चढून, बसून, पाणी पिऊन पाहावे.

मुलींच्या बाबतीत घरास एक चिंता असते, व ती रास्त आहे. २०१४ साली न्यूयॉर्कच्या मेळ्यात ‘वेष म्हणजे संमती नव्हे’ या अर्थाचे फलक लावावे लागले. विचारल्यावाचून कोणास हात लावू नये, छायाचित्र घेऊ नये, हा धडा आपल्या मुलांस घरीच द्यावा. केवळ मुलींस घरी बसवून तो दिला जात नाही.

पहिला वेष बेढब होईल; सांधे उसवतील, मुकुट कलेल. त्या वेळी घरातील दहा माणसे हसली, तर ते मूल पुन्हा कात्री हाती घेणार नाही, बाजारातून तयार वेष भाड्याने आणील. ज्या गावाची भाकरी बोटांच्या कसबावर चालते, त्या गावास तरी हे हसणे परवडणारे नाही. थोरल्या काकूंनी सुईत दोरा ओवून द्यावा, आजोबांनी त्या पात्राची कथा पुसावी. एकत्र कुटुंबाचा उपयोग याहून निराळा कोणता?