९२० ग्रॅमचा वारसदार कोण?

जुलै २०१९ मध्ये अ‍ॅपल कंपनीने आपला १२ इंची ‘मॅकबुक’ फारसा गाजावाजा न करता विक्रीतून काढून घेतला. संगणकाच्या धंद्यात एखादे मॉडेल बंद होणे ही नित्याची बाब. त्याचे सुतक कोणी पाळत नाही. या यंत्राच्या बाबतीत मात्र ते पाळले गेले. ज्यांनी ते वापरले, अशा फिरत्या नोकरीतल्या मंडळींपुढे नवा लॅपटॉप घेण्याची वेळ आली की आजही एकच प्रश्न उभा राहतो : याच्या जागी घ्यायचे तरी काय?

हा प्रश्न आता टाळता येण्याजोगा राहिलेला नाही. २०१५ चे मॉडेल ‘बिग सर’ या आवृत्तीपाशी थांबले, २०१६ चे ‘माँटेरे’पाशी आणि शेवटचे, म्हणजे २०१७ चे मॉडेल ‘व्हेंच्युरा’पाशी. त्यापुढची मॅक प्रणाली या यंत्रांवर अधिकृतपणे चढत नाही. नवे ब्राऊझर आणि नव्या सुरक्षा दुरुस्त्या यांची वाट हळूहळू बंद होत जाते. यंत्र चालते, पण त्यावरून बँकेचे व्यवहार करताना मनात धाकधूक राहते.

या यंत्रात एवढे होते काय? मार्च २०१५ मध्ये जाहीर झालेल्या या लॅपटॉपचे वजन होते ९२० ग्रॅम आणि जाडी सर्वाधिक जागी १३.१ मिलिमीटर. आत पंखा नाही, त्यामुळे आवाज नाही. रुंदी २८ सेंटिमीटर आणि खोली २० सेंटिमीटरहूनही कमी. म्हणजे टेबलावर साधारण ए-४ कागदाएवढीच जागा तो अडवी. विमानात पुढच्या प्रवाशाने आसन मागे झुकवले तरी त्याचा पडदा उघडता येई. रेल्वेच्या चेअर कारमधल्या छोट्या पाटीवर तो ठेवून शेजारी चहाचा कप मावत असे. पत्रकार, लेखक, सतत दौऱ्यावर असणारे सल्लागार यांना त्याची सवय लागली ती यामुळे.

त्याचे दोषही लहान नव्हते आणि स्मरणरंजनात ते विसरले जातात. चार्जिंगसाठी आणि बाकी सर्व जोडणीसाठी मिळून एकच यूएसबी-सी पोर्ट होते. पेन ड्राइव्ह लावायचा तर अ‍ॅडॉप्टर हवा, तोही चार्जर काढून. कॅमेरा अवघा ४८० पी दर्जाचा. २०२० च्या टाळेबंदीत बैठका पडद्यावर आल्या तेव्हा समोरच्याला आपला चेहरा धुक्यातून दिसल्यासारखा दिसे. सर्वात मोठे दुखणे होते कळफलकाचे. जाडी कमी करण्यासाठी वापरलेली ‘बटरफ्लाय’ रचना धुळीच्या कणानेही अडू लागली. २०१८ मध्ये अ‍ॅपलला मोफत दुरुस्तीची योजना आणावी लागली आणि २०२२ मध्ये अमेरिकेतील ग्राहकांच्या सामूहिक दाव्यात ५ कोटी डॉलरची तडजोड मान्य करावी लागली.

खरी चुटपुट लागते ती वेळेच्या हिशेबाची. या लॅपटॉपची कल्पना उत्तम होती, पण तिला पेलणारा प्रोसेसर त्या काळी नव्हता. पंखा नसलेल्या इतक्या पातळ देहात इंटेलचा साधारण साडेचार वॅटचा ‘कोअर एम’ बसवावा लागला आणि तो लवकर दमत असे. नोव्हेंबर २०२० मध्ये अ‍ॅपलने स्वतःचा ‘एम १’ प्रोसेसर आणला आणि पंखा नसलेल्या ‘मॅकबुक एअर’मध्ये तो बसवून दाखवला. जे इंजिन या छोट्या गाडीला हवे होते ते तयार झाले, पण गाडीच सोळा महिन्यांपूर्वी मोडीत निघाली होती!

मग आजचा ‘एअर’च वारसदार मानावा का? मार्च २०२५ मध्ये आलेला १३ इंची ‘एम ४’ एअर घेऊ. भारतातील त्याची सुरुवातीची किंमत होती ९९ हजार ९०० रुपये. जाडी ११.३ मिलिमीटर, म्हणजे जुन्यापेक्षाही कमी. वेगाची तर तुलनाच नको. पण वजन १,२४० ग्रॅम. रुंदीत सव्वादोन सेंटिमीटरहून अधिक आणि खोलीत पावणेदोन सेंटिमीटरहून अधिक वाढ. टेबलावर अडणारी जागा जवळपास १९ टक्क्यांनी जास्त. कंपन्या जाहिरातीत जाडी सांगतात, कारण ती छायाचित्रात दिसते. खांद्याला वजन कळते आणि मांडीला लांबी-रुंदी. जाडी किती, याची चौकशी या दोघांपैकी कोणीही करत नाही.

अर्थात ३२० ग्रॅमचा हा फरक थोडा सैल करून पाहिला पाहिजे. जुने यंत्र नवे असताना कंपनीच्या दाव्यानुसार नऊ-दहा तास चाले. वापरून मुरलेल्या बॅटरीकडून त्याच्या निम्म्याची आशा धरणेही धाडसाचे. त्यामुळे सॅकमध्ये चार्जर, वायर आणि अ‍ॅडॉप्टर हे बिऱ्हाड कायमच असते. नव्या एअरबाबत कंपनी १८ तासांचा दावा करते. तो कागदावरचा मानून त्यात चांगली कपात केली तरी दिवसभराच्या कामाला चार्जर घरी ठेवून निघता येते. ठाण्याहून सकाळच्या जलद लोकलमध्ये सॅक छातीशी धरून उभ्या राहणाऱ्याने केवळ लॅपटॉपचे नव्हे, तर साऱ्या सॅकचे वजन करावे. फरक बराच मिटलेला दिसेल.

वजनच कमी हवे असेल तर विंडोजच्या गोटात शोध घ्यावा लागतो आणि तिथे चित्र बरेच उत्साहवर्धक आहे. २०२० मध्ये जाहीर झालेला लेनोवोचा ‘थिंकपॅड एक्स १ नॅनो’ ९०७ ग्रॅमचा होता. २०२४ मध्ये जाहीर झालेल्या ‘एक्स १ कार्बन’च्या तेराव्या पिढीचे वजन ९८६ ग्रॅमपासून सुरू होते, तेही १४ इंची पडद्यासह. जानेवारी २०२५ मध्ये आसूसने दाखवलेला ‘झेनबुक ए १४’ एक किलोच्या आत बसतो आणि त्याची बॅटरीही मोठी आहे. जपानमध्ये फुजित्सूने तर १३.३ इंची लॅपटॉप ६३४ ग्रॅमवर आणून ठेवला. तिथला नोकरदारही आपल्यासारखाच खच्चून भरलेल्या गाडीतून प्रवास करतो. पॅनासॉनिक आपल्या ‘लेट्स नोट’ लॅपटॉपवर त्या गर्दीचा विचार करून १०० किलोचा दाब देऊन चाचणी घेते. दादरच्या पुलावरून रोज जाणाऱ्यांना ही चाचणी अवाजवी वाटणार नाही.

पण या यादीत एक गोष्ट लक्षात येते. हे सगळे लॅपटॉप हलके झाले आहेत, लहान झालेले नाहीत. पडद्याभोवतीची काळी चौकट बारीक झाल्याने जुन्या देहात मोठा पडदा मावू लागला आणि उत्पादकांनी यंत्र छोटे करण्याऐवजी पडदा मोठा केला. छोट्या पडद्याची कामे मोठ्या फोनने आणि टॅबलेटने पळवली. बाजाराचा कल १३ आणि १४ इंचांकडे सरकला. ११ इंची मॅकबुक एअरही ऑक्टोबर २०१६ मध्येच बंद झाला होता. टॅबलेटला कळफलक जोडून पाहण्याचा सल्ला हमखास मिळतो. चांगला कळफलक जोडला की वजन पुन्हा लॅपटॉपच्या जवळ जाते आणि मांडीवर तो डोलकाठीसारखा हलतो.

मराठीत काम करणाऱ्यांनी खरेदीपूर्वी आणखी एक खातरजमा करावी. ‘झेनबुक ए १४’सारख्या यंत्रात इंटेलऐवजी क्वालकॉमचा ‘स्नॅपड्रॅगन’ प्रोसेसर आहे. त्यावर इंटेलसाठी लिहिलेली बरीच सॉफ्टवेअर अनुवादाच्या थराआडून चालतात, पण एखाद्या उपकरणाचा ड्रायव्हर त्या प्रोसेसरसाठी स्वतंत्रपणे लिहिलेला नसेल तर ते उपकरण चालत नाही. युनिकोडमध्ये लिहिणाऱ्याला त्याची झळ नाही. परंतु जुन्या फाँटवर, यूएसबीत खोचायच्या ‘लॉक’वर चालणारी अक्षरजुळणीची सॉफ्टवेअर आपल्याकडील अनेक छपाईखान्यांत आजही आहेत. ९८० ग्रॅमचा लॅपटॉप घेऊन त्यावर तो लॉकच ओळखला गेला नाही, तर वजनाची बचत महागात पडेल.

प्रस्तुत प्रतिनिधीचे मत विचाराल तर ज्याला मॅक सोडायचा नाही त्याने एअर घ्यावा आणि तो लहान नाही हे मान्य करूनच घ्यावा. ज्याला किलोच्या आत राहायचे आहे व विंडोजचे वावडे नाही, त्याला इंटेलवरचा ‘एक्स १ कार्बन’ अधिक निर्धोक. खिसा मात्र सैल सोडावा लागेल. २८ बाय २० सेंटिमीटरचा, आवाज न करणारा आणि आजच्या वेगाने चालणारा मॅक मात्र या पर्यायांत नाही.

ज्यांचा जीव जुन्यातच अडकला आहे त्यांच्यासाठी अ‍ॅपलचा नियम असा : विक्री थांबल्यापासून सात वर्षे उलटली की यंत्र कालबाह्य ठरते आणि दुरुस्ती बंद होते. १२ इंची मॅकबुकच्या शेवटच्या, २०१७ च्या मॉडेलची ती मुदत जुलै २०२६ ची. मॅक लॅपटॉपच्या बॅटरीला तेवढी सवलत आहे. सुटा भाग शिल्लक असेल तर ती विक्री थांबल्यापासून दहा वर्षांपर्यंत, म्हणजे २०२९ पर्यंत बदलून मिळू शकते.