शोपीस... पण जिवंत!

इंजिनिअरिंगला अ‍ॅडमिशन मिळाली की नातेवाइकांच्या लेखी आपण सर्वज्ञ होतो. मिक्सर बिघडला, याला विचारा. इन्व्हर्टर कोणता घ्यावा, याला विचारा. या सुट्टीत ठाण्याच्या मामांनी विचारलं, "अरे, हॉलमध्ये खाऱ्या पाण्याचा टँक लावतोय. शोपीस म्हणून कुठला मासा ठेवू? पाहुण्यांनी बघतच राहिलं पाहिजे!"

प्रश्न वरवर साधा आहे. पण मला वाटतं, आपण सगळेच तो उलट्या बाजूने सोडवतो. आधी मासा आवडतो, मग त्याच्यासाठी टँक, मग फिल्टर, मग धावपळ. माझं मत आधीच सांगून टाकतो: शोपीस मासा सगळ्यात शेवटी निवडावा, हॅचरीत जन्मलेला निवडावा, आणि पूर्ण वाढल्यावर केवढा होणार हे बघून निवडावा. रंगाचा नंबर चौथा.

आता थोडं गणित (घाबरू नका, एम-थ्री नाही). टँक चार फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच धरा. नऊ घनफूट, म्हणजे साधारण २५५ लिटर. समुद्राच्या पाण्यात लिटरला सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात, म्हणजे जवळपास नऊ किलो मीठ. तेही किराणा दुकानातलं चालत नाही, कॅल्शियम-मॅग्नेशियमसकट सगळे क्षार असलेलं खास मीठ लागतं. पाण्याची वाफ होते, मीठ मागेच राहतं, म्हणून गोडं पाणी टाकून पातळी सतत राखावी लागते. माशांच्या शरीरातून निघणारा अमोनिया विषारी असतो. त्याचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करणारे जिवाणू दगडांवर नि फिल्टरमध्ये नीट वाढायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. तोवर टँक कितीही चकाचक दिसला तरी माशासाठी तो तयार नसतो. आणि आपल्याला मात्र उद्घाटनाच्या दिवशीच शोपीस हवा असतो!

त्यात आपला जुना मित्र, लोडशेडिंग. एकाच तापमानाला गोड्या पाण्यापेक्षा खाऱ्या पाण्यात साधारण पाचव्या हिश्शाने कमी ऑक्सिजन विरघळतो. मासा जितका मोठा, तितकी त्याची गरज मोठी. लाइट गेली, पंप बंद पडला की पहिला धोका शोपीसलाच. हॉस्टेलची लाइट गेली की आपण टेरेसवर जातो. माशाला टेरेस नसतं.

आता उमेदवारांची व्हायवा घेऊ.

पहिला, एम्परर एंजलफिश. पिल्लू असताना गडद निळ्या अंगावर पांढरी वर्तुळं, मोठा झाल्यावर पिवळे-निळे पट्टे आणि डोळ्यांवर काळा मुखवटा. देखणेपणात डिस्टिंक्शन! पण दुकानात तीन इंचांचा दिसणारा हा गडी वाढून चाळीस सेंटिमीटरपर्यंत जातो. आपल्या टँकची रुंदी पंचेचाळीस. म्हणजे साहेबांना वळायचीही पंचाईत. नापास, पण दोष त्याचा नाही.

दुसरा, निळा टँग, म्हणजे २०१६च्या सिनेमातली डोरी. हा तीस सेंटिमीटरपर्यंत वाढतो, सतत पोहत राहतो आणि पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगाला चटकन बळी पडतो. चार फूट म्हणजे त्याच्यासाठी आपल्या रूमएवढी जागा, तीही थ्री-सीटर.

तिसरा, मँडरिन. जेमतेम तीन इंच, अंगावर जणू पैठणीचं काम. आकारात बसतो, मग घ्यायला काय हरकत? हरकत अशी, की तो दिवसभर दगडांवरचे बारीक जीव टिपून खातो. नव्या टँकमध्ये ते पुरेसे नसतात आणि तयार खाद्याला बहुतेकदा तो तोंड लावत नाही. समोर ताट वाढलेलं आणि हा उपाशी. काही आठवड्यांत खंगून जातो.

चौथा, लायनफिश. काटे विषारी आणि तोंडात मावेल तो शेजारी गिळणारा. घरात लहान मुलं असतील तर विषय संपला.

आता मुद्दा कुठून आणायचा याचा. गोड्या पाण्यातले शोभेचे मासे बहुतेक शेततळ्यांत, फार्मवर वाढवलेले असतात. समुद्री माशांचं उलट आहे, बहुतेक प्रवाळांतून पकडून आणलेले. फिलिपिन्समध्ये १९६०च्या दशकापासून सायनाइड फवारून, मासे गुंगवून पकडण्याचा प्रकार सुरू झाला. त्यात आजूबाजूची प्रवाळं मरतात आणि वाचलेला मासाही पुढे दगावू शकतो. सगळेच असं करतात असं मुळीच नाही. जाळ्याने जपून मासे पकडणाऱ्यांचं पोट याच धंद्यावर आहे. पण काचेपलीकडच्या माशाकडे बघून तो कसा पकडला हे ना मामांना कळतं, ना मला. हॅचरीच्या माशाबाबत हा प्रश्नच उरत नाही. आणि टँक सजवायला प्रवाळ किंवा समुद्रघोडा आणायचा विचार असेल तर लक्षात ठेवा, वन्यजीव संरक्षण कायद्याखाली २००१ पासून दोघांनाही संरक्षण आहे. तो शोपीस नाही, गुन्हा आहे.

मग पास कोण? माझं मत क्लाउनफिशच्या जोडीला. तोच तो निमो! "एवढासा मासा, हा कसला शोपीस?" असं मामाही म्हणाले. पण थोडं थांबून बघा. हे मासे सगळे नर म्हणून जन्मतात. जोडीतला मोठा मासा मादी होतो. ती मेली तर उरलेला नर मादी बनतो. जोडी जमली तर दगडावर अंडी घालते आणि नर परांनी वारा घालत ती राखतो. समुद्रफूल नसलं तरी टँकमध्ये त्यांचं अडत नाही. लांबी तीन-साडेतीन इंच. आपल्याच केंद्रीय सागरी मत्स्यसंशोधन संस्थेने त्यांच्या पैदाशीचं तंत्र बसवलं आहे आणि ऐरोलीलाही त्यांची हॅचरी आहे. रंग पाहुणे दोन मिनिटं बघतील. वागणं मात्र घरातले वर्षानुवर्षं बघू शकतात.

"मग टँकच कशाला? समुद्रात जाऊन बघा की," असं आमचे एक सर म्हणाले. सरांचं बरोबर आहे, जमेल त्याने मालवणला जाऊन पाण्यात डोकं घालावंच. पण नीट राखलेला टँक घरातल्या लहानग्याला समुद्राबद्दल जे कुतूहल देतो, ते पुस्तक देईलच असं नाही. अट एकच, मासा जगला पाहिजे.

मित्रांनो, उद्या आपल्यालाही नोकरी लागेल, फ्लॅट होईल, हॉलचा एक कोपरा रिकामा दिसेल. नीट सांभाळला तर क्लाउनफिश वीस वर्षंही जगतो. चार वर्षांच्या डिग्रीला आपण केवढे वैतागतो! तेव्हा पाकीट काढण्याआधी एकच प्रश्न स्वतःला विचारा: हा मासा माझ्या हॉलला शोभेल का, यापेक्षा माझा हॉल या माशाला पुरेल का?

पटलं तर बघा!

— तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी