मंत्रचळ आणि चुंबक

हात स्वच्छ आहेत हें डोळ्यांना दिसत असतां मन तें मानीत नाहीं. मग मनुष्य दहा वेळां, वीस वेळां हात धुतो. कुलूप लाविलें आहे हें ठाऊक असूनही तो अर्ध्या वाटेवरून घरीं परततो. ह्या व्याधीस आपल्याकडे मंत्रचळ म्हणतात, व त्या शब्दांत थोडी थट्टाही असते. रोग्यास मात्र त्यांत थट्टेचें कांहींच दिसत नाहीं. आपलें कृत्य व्यर्थ आहे हें बहुधा तो हंसणाऱ्यांपेक्षां अधिक जाणतो.

ह्या व्याधीवर चुंबकानें उपचार करितात असें सांगितलें तर कोणी त्यास गंडादोरा समजतो, कोणी चमत्कार. वास्तविक १८३१ सालीं फॅरडेनें शोधिलेला व आपण वर्गांत शिकतों तोच नियम येथें आहे: चुंबकक्षेत्र बदललें कीं जवळच्या वाहकांत वीज उत्पन्न होते. १९८५ सालीं शेफील्ड येथें अँथनी बार्कर ह्यांनीं मनुष्याच्या डोक्यावर तारेचें वेटोळें धरून मेंदूंत असा प्रवाह उत्पन्न केला, आणि त्याच्या हाताचे स्नायू हलले. शस्त्र नाहीं, भूल नाहीं! २०१८ सालीं अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानें ही पद्धति मंत्रचळावर, इतर उपचारांच्या जोडीस, वापरण्याची अनुमति दिली.

त्यामागील परीक्षेंत सुमारे शंभर रोगी होते. सहा आठवड्यांनंतर खरा उपचार घेणाऱ्यांपैकीं शेंकडा ३८ जणांस, व नकळत लटका उपचार घेणाऱ्यांपैकीं शेंकडा ११ जणांस गुण आला. हा फरक लहान नव्हे. परंतु बाकीच्या ६२ जणांचें काय, असें विचारणें म्हणजे शास्त्राचा द्वेष करणेंही नव्हे.

ह्या परीक्षेंतील एक गोष्ट आम्हांस यंत्राहूनही महत्त्वाची वाटते. वेटोळें सुरू करण्यापूर्वीं दर वेळीं रोग्याची भीति मुद्दाम जागी केली जाई. १९६६ सालीं लंडनच्या व्हिक्टर मेयर ह्यांनीं हेंच तत्त्व यंत्रावांचून अवलंबिलें होतें: मळास हात लावावयाचा, आणि धुवावयाचें नाहीं. आरंभीं जीव कासावीस होतो. पण न धुतांच ती कासाविशी हळूहळू ओसरते. आजही हा अभ्यास व औषधें ह्यांनाच वैद्य प्रथम स्थान देतात. तेव्हां ज्यास अद्याप असा अभ्यास कोणीं शिकविलाच नाहीं, त्यास एकदम यंत्राकडे धाडणें आम्हांस उलट्या क्रमाचें वाटतें. पण दोन्ही करून जो थकला, त्यास "मन घट्ट कर" असें सांगत बसण्यापेक्षां ह्या वेटोळ्याखालीं बसूं द्यावें. मात्र अपस्मार असल्यास किंवा मस्तकांत धातूचा तुकडा बसविलेला असल्यास तें आधीं वैद्यास सांगावें.