लाकडी फरशीचे पॉलिश : चमकेआधी श्वासाचा विचार करा

घरात खऱ्या लाकडाचे फ्लोअरिंग करायचे ठरले की पॉलिशवाल्याला आपण दोनच प्रश्न विचारतो. चमक किती येईल? आणि किती वर्षे टिकेल? हे सुकेपर्यंत आमच्या फुप्फुसात काय जाईल, हे मात्र कोणी विचारत नाही. खरे तर तोच पहिला प्रश्न हवा. चमक कमी वाटली तर आणखी एक हात मारता येतो. जडलेला दमा तसा पुसता येत नाही.

डब्यात काय असते?

आपल्याकडे 'पीयू' म्हणून जे मिळते, ते बहुतेकदा दोन डब्यांचे असते : बेस आणि हार्डनर. या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असते. फवारणी करणाऱ्या कामगारांना होणाऱ्या दम्याचे हे जगभर ओळखले गेलेले कारण आहे. शरीराला त्याची एकदा ॲलर्जी झाली की पुढे अगदी थोड्या प्रमाणानेही दम्याचा झटका येऊ शकतो.

मेलामाइन पॉलिशमधून फॉर्मल्डिहाइड वायू सुटतो. कर्करोगावर संशोधन करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेने 2004 मध्ये तो मानवात कर्करोग घडवणारा ठरवला. पातळ करायच्या थिनरमध्ये टोल्युइनसारखी द्रावणे असतात. डोके दुखणे, गरगरणे, मळमळणे हा त्यांचा लगेच दिसणारा परिणाम.

'वास गेला, म्हणजे झाले' हा गैरसमज

नाक हे मोजमापाचे यंत्र नाही. आयसोसायनेटचा वास जाणवतो तोवर हवेतले प्रमाण सुरक्षित मर्यादेच्या वर गेलेले असू शकते. शिवाय सततच्या वासाला नाक सरावते. रूम फ्रेशनर मारल्याने हवा शुद्ध होत नाही, तिच्यात आणखी एका रसायनाची भर पडते. फरशी हाताला कोरडी लागली म्हणजे आतून पक्की झाली, असेही नाही. पाण्यावर आधारित पॉलिशला पूर्ण पक्के व्हायला साधारण आठवडा, तर तेलावर आधारित पॉलिशला महिनाभर लागू शकतो. पावसाळी दमट हवेत त्याहून जास्त.

मग निवडायचे काय?

माझे स्पष्ट मत : घरात माणसे राहत असतील तर पाण्यावर आधारित, एका डब्याचे पॉलिश घ्या. 'वॉटर बेस्ड' एवढे वाचून थांबू नका. त्यातही काहींना आयसोसायनेटचा हार्डनर लागतो. कंपनीचे सुरक्षा माहितीपत्रक मागा आणि वाचा. तेल-मेणाचे पॉलिशही चालेल. ते वेळोवेळी पुन्हा लावावे लागते, पण ओरखडा पडला तर तेवढाच भाग दुरुस्त होतो. मात्र त्याची तेलकट फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकू नका, ती आपोआप पेट घेऊ शकतात. पाण्यात भिजवा किंवा मोकळ्या जागी पसरून वाळवा. आणि घरात वृद्ध असतील तर आरशासारखी चमक नकोच. घसरून खुबा मोडला तर त्या चमकेचे कौतुक कोण करणार?

"पण डॉक्टर, हे महाग पडते." पडते. मात्र हिशेबात फक्त डब्याची किंमत धरू नका, इन्हेलर आणि दवाखान्याच्या फेऱ्याही धरा.

काम चालू असताना

• दमेकरी, गरोदर स्त्री आणि लहान मुले यांना पॉलिश पक्के होईपर्यंत दुसरीकडे ठेवा. मुहूर्त पुढे ढकलता येतो.
• समोरासमोरच्या खिडक्या उघड्या ठेवा. एसी लावून खोली बंद करू नका.
• शक्यतो ब्रश किंवा रोलरने काम करून घ्या. फवारणीने सूक्ष्म थेंब हवेत तरंगत राहतात.
• घासाईची भुकटी झाडूने उडवू नका. लाकडाची धूळही कर्करोगकारक मानली जाते.

आणि पॉलिशवाला?

तुम्ही आठ-दहा दिवस हा वास सोसता, तो वर्षभर सोसतो, तोंडाला रुमाल बांधून. रुमालाने वाफा अडत नाहीत. साध्या एन-95 मास्कनेही नाहीत, त्यासाठी कोळशाचे कार्ट्रिज असलेला मास्क लागतो. फ्लोअरिंगवर लाखभर खर्च करणाऱ्याने त्या मास्कसाठी घासाघीस करावी, हे मला पटत नाही. कोटेशनमध्ये तो लिहून घ्या आणि कामाच्या दिवशी त्याने तो घातला आहे ना, हेही बघा. घरमालक सांगतो तेव्हा ठेकेदार ऐकतो.