मागील पानावरून पुढे

आमच्या कॉलनीत एक निवृत्त साहेब आहेत. रोज संध्याकाळी फाटकाशी उभे राहून येणाऱ्याजाणाऱ्याला ते एकच सिद्धान्त ऐकवतात : "खाण तशी माती!" त्यांचे चिरंजीव पुण्यात बड्या पगारावर आहेत, हे आपण समजून घ्यायचं असतं.

मला या सिद्धान्ताचा राग आहे. एक तर मी कारकुनाचा मुलगा कारकून. म्हणजे पुरावा माझ्याच घरात! दुसरं, मी बी. कॉम. आहे. राहतो अमरावतीला, बसतो अकोल्याच्या शाखेत आणि दिवसभर लोकांची खाती बघतो. जाड खातेवह्या गेल्या, संगणक आले, पण पहिली ओळ तीच राहिली : मागील शिल्लक. चिरंजीवांच्या पहिल्या ओळीत चांगली शाळा, शिकवण्या, पुण्यातली खोली आणि साहेबांच्या ओळखी जमा होत्या. साहेब त्याला रक्त म्हणतात. आम्ही कॉमर्सवाले भांडवल म्हणतो.

परवा माझ्याच वयाचा एक शेतकरी काउंटरवर आला. वडील वारले, सातबारावर त्याचं नाव चढलं, सोबत कर्जाचा बोजाही. मुलीला पुढं शिकायचं होतं. मी शैक्षणिक कर्जाचा अर्ज दिला. त्यात बापाचं उत्पन्न विचारलेलं. तो हसला. "म्हंजे साहेब, पोरीले बापाच्या गरिबीतून निंघाले बी बापाचीच कमाई पाह्यजे!"

मला काही सुचेना. मी शिक्का मारायला घेतला.

मायल्स कोराक या अर्थशास्त्रज्ञाने देशोदेशींचा असा हिशेब मांडला आहे. दोन बापांच्या मिळकतीत जे अंतर असतं, त्यातलं डेन्मार्कमध्ये मुलांपर्यंत शेकडा १५ च्या आसपास उरतं. अमेरिकेत जवळजवळ निम्मं. डेन्मार्कची माती काही निराळी नाही. तिथं कॉलेजची फी बापाच्या खिशातून जात नाही, इतकंच.

आणि डेन्मार्क कशाला? पापळच्या शेतकरी घरातल्या पंजाबराव देशमुखांनी १९३२ साली अमरावतीत श्री शिवाजी शिक्षण संस्था काढली, ती पोरांचं रक्त तपासून नव्हे. शाळा मिळाली, तेव्हा कपाशीच्याच काळ्या मातीतून मास्तर, वकील आणि डॉक्टर उगवले.

काल फाटकाशी थांबलो. म्हटलं, "साहेब, खाण तशी माती, कबूल. पण खाण कोणाच्या नावावर आहे, तेवढं सातबारावर बघाल?"

साहेबांनी फाटक लावून घेतलं.